कान कुठे होते

सिंहाच्या दोन्ही कोपरांना घट्टे पडलेले होते. कातडं टेबलावर पसरून मी पुढच्या पायांवरचे केस ब्रशने सारखे करत होते, आणि डाव्या कोपराशी ब्रश अडला. तिथे केसच नव्हते. बोट फिरवून पाहिलं, तर मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढी जागा, जाड आणि खरखरीत, माझ्या स्वतःच्या टाचेसारखी. आधी वाटलं, तिकडे परदेशात कातडं कमावताना कुणीतरी हयगय केली असेल. मग उजवं कोपर चाचपलं. तिथेही तेच, तेवढंच. जंगलातल्या सिंहाचीही कोपरं थोडीफार घासतात, दगडधोंड्यांत बसणं असतंच. पण हे तसलं नव्हतं. एकाच जागी, कडक फरशीवर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या जनावराचे हे घट्टे होते. मी ब्रश खाली ठेवला. सकाळचे साडेनऊ वाजले होते, खाली रस्त्यावर काचवाल्याच्या दुकानाचं शटर वर जात होतं, आणि दुपारी चार वाजता डॉक्टरकाका आपला सिंह कुठवर आलाय ते बघायला येणार होते.

कवटी वेगळ्या खोक्यात आली होती. ते खोकं मी तीन आठवडे उघडलंच नव्हतं, कारण आत बसवायचा जबडा नकलीच असतो, खऱ्या कवटीचं काम पडत नाही. आता उघडलं. सुळ्यांच्या मागच्या अंगाला आडव्या, गुळगुळीत खाचा होत्या. हाडं फोडून तशा खाचा पडत नाहीत. लोखंडी गज रोज चावला की पडतात. कातड्यातून मेलेली जनावरं पुन्हा उभी करण्याचा हा धंदा मी बाबांकडून घेतलाय, आणि लहानपणी त्यांनी मला सर्कशीतल्या एका म्हाताऱ्या वाघाचे दात दाखवले होते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. मग मी चेहरा पुन्हा पाहिला, आणि तीन आठवडे जे मला देखणं वाटत होतं तेच खुपायला लागलं. नाकावर, गालावर, कानाच्या कडेला एक ओरखडा नव्हता. सात-आठ वर्षांचा नर, आणि जन्मात कुणाशी एकदाही भांडलेला नाही. पैसे भरून येणाऱ्या शिकाऱ्यांसाठी असे सिंह पाळतात हे मी ऐकून होते. पिंजऱ्यात वाढवायचे, आयाळ भरली की कुंपण घातलेल्या रानात चार दिवस सोडायचे, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की हा कळपातून हाकललेला, आता उपाशीच मरणार आहे. माझ्या तोंडून एक शिवी गेली. ती शेजारच्या खोलीत माझ्या मुलीने ऐकली आणि ती चहाचा कप घेऊन दारात आली.

माझी मुलगी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि मला मारेकऱ्यांची शिंपीण म्हणते. लाडाने म्हणते, पण म्हणते. मी तिला घट्टे दाखवले, सुळे दाखवले. तिने कप टेबलाच्या कडेला ठेवला, बराच वेळ कोपरावर बोट फिरवलं आणि म्हणाली की हे डॉक्टरआजोबांना सांगायलाच हवं, आजच सांगायला हवं. तिचं बरोबर होतं. पण तिच्या बोलण्यात जी धार होती ती मला आवडली नाही. डॉक्टरकाकांवर तिचा राग नाही, त्यांच्या मांडीवर खेळलेली पोर आहे ती. राग आहे तो त्यांच्या नियमांवर. ती लहान असल्यापासून मी तिला त्यांचे नियम सांगत आले होते. पायी जायचं. बंदुकीत गोळी एकच. मादीवर नाही, पाण्यावर आलेल्यावर नाही, दिव्याच्या झोतात तर नाहीच. जखमी झालं तर ते सापडेपर्यंत परतायचं नाही. दहावीत असताना तिने हे सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, शिस्तीने मारलं म्हणजे मेलेल्याला कमी मरावं लागतं का? मी तेव्हा ताटं उचलायला लागले होते. तरीसुद्धा त्या माणसाबद्दल मला जे वाटतं ते वाटतंच, आणि त्याला आदर हाच शब्द आहे, दुसरा मी शोधत बसत नाही.

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं त्यांची आहेत. अकरा वर्षांची असताना मी बाबांची कातडं सोलायची सुरी उचलली, हरणाच्या मानेवर हात चालवून बघायला, आणि मधल्या दोन बोटांच्या शिरा तुटेपर्यंत ती आत गेली. बाबा हाडापर्यंतच्या गोष्टी रोज बघणारे, पण माझा हात बघून मटकन खाली बसले. डॉक्टरकाका तेव्हा शहरातले मोठे सर्जन होते आणि आमचे गिऱ्हाईक होते, इतकंच नातं. त्यांनी चार तास उभं राहून ती बोटं जोडली. पुढे सहा महिने दर शनिवारी आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन त्यांनी माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला. शंभर वेळा, मोजून. मी रडायचे, ते आपले खुर्चीत बसून बाबांशी रानडुकरांच्या गप्पा मारायचे, पण नजर माझ्या बोटांवरून हलायची नाही. तेव्हापासून मला ते टाकेवाली म्हणतात. आज मी पन्नाशी ओलांडली तरी टाकेवालीच. मांजराच्या पापणीवरून टाका फिरवणारा दुसरा हात या शहरात नाही असं लोक म्हणतात, तेव्हा मला दरवेळी वाटतं की हे कौतुक भलत्याच पत्त्यावर आलंय.

त्यांच्या अभ्यासिकेत एक गवा आहे. बाकी सगळी शिंगं आणि डोकी दिवाणखान्यात, उंचावर. हा एकटा अभ्यासिकेत, खुर्चीत बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल इतका खाली लावलेला. मी लहानपणी विचारलं होतं की हा असा खाली का. ते म्हणाले की ही माझी चूक आहे, ती उंचावर टांगली तर दिसायची नाही. गोळी खांद्यामागे बसायची ती पोटात बसली होती. तीन दिवस ते त्याच्या मागे रक्ताच्या थेंबांवरून चालले, बरोबरची माणसं दुसऱ्या दिवशीच परतली, आणि चौथ्या पहाटे तो सापडल्यावरच ते ताप घेऊन परतले ते दीड महिना अंथरुणात होते. हॉस्पिटलात त्यांच्या हातून एखादा पेशंट गेला की ते घरी येऊन त्या गव्यासमोर बसायचे, असं काकू सांगायच्या. वीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी बंदुका तेल लावून कपाटात ठेवल्या आणि बाबांना फोन केला की आता माझं पाऊल वाजायला लागलंय, ज्याला मी दुरूनच ऐकू येतो त्याच्यावर कसली मर्दुमकी. बाबा फोन ठेवून म्हणाले होते, असं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, माणूस शिल्लक राहिला.

मग काकू गेल्या. घर मोठं झालं. आणि ऐंशीव्या वाढदिवसाला दोन्ही मुलांनी मिळून त्यांना हा सिंह दिला, म्हणजे दूरच्या देशातल्या एका रानाची तिकिटं, परवाना आणि सगळी बडदास्त. ते दोन महिने नाही म्हणत होते. मुलांनी कागद दाखवले: नर म्हातारा आहे, कळपाने टाकलेला आहे, येता उन्हाळा काढणार नाही, आणि परवान्याच्या रकमेतून त्या रानाची राखण होते. त्यांनी सगळे कागद भिंग लावून वाचले आणि मग गेले. परत आल्यावर विमानतळावरूनच मला फोन. इतकं हसतं बोलणं मी काकू गेल्यापासून ऐकलं नव्हतं. टाकेवाली, ते म्हणाले, तो पळाला नाही. चाळीस पावलांवर होता, मला पाहिलं आणि सरळ चालत माझ्याकडे आला. आयुष्यात असा जीव पाहिला नाही. मी फोन कानाला धरून हसत उभी होते. तो का चालत आला ते मला आता माहीत होतं. आयुष्यभर जो माणूस त्याच्याकडे चालत आला त्याच्या हातात बादली होती.

आणि या सगळ्यात माझी चूक होती, ती दुसऱ्या कुणाची नव्हे. बाबांचा एक रिवाज होता. कुठलंही जनावर आलं की साचा करायला घेण्याआधी ते शिकाऱ्याला समोरच्या स्टुलावर बसवायचे आणि जाड बांधणीची वही काढायचे. याला ते जबानी म्हणायचे. आठ प्रश्न, ठरलेले. वारा कुठून होता. ऊन कुठे होतं. कुठला पाय पुढे होता. शेपटी कुठे होती. तोंड उघडं की मिटलेलं. बघत कुठे होतं. शेवटचं काय केलं. आणि सगळ्यात आधी, कान कुठे होते. कानांवरून जनावराचं मन कळतं. चाल करून येणाऱ्याचे कान मागे चिकटतात, भ्यालेल्याचे बाजूला पडतात. बाबा म्हणायचे, मारणाऱ्याने निदान एकदा तरी बसून सगळं आठवावं, एवढा त्या जनावराचा हक्क आहे. लोक थापा मारायचे, ते बाबा मान खाली घालून लिहून घ्यायचे, आणि मग कातडं जे सांगेल तेच उभं करायचे. एका बड्या माणसाने मचाणावरून, खाली बकरी बांधून, बिबट्या मारला आणि त्याला डरकाळी फोडणारा बिबट्या हवा होता. बाबांनी मान खाली घालून बकरीकडे बघणारा बिबट्या केला. तो माणूस बिबट्या न नेताच तरातरा जिना उतरून गेला. बिबट्या चाळीस वर्षं आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात आहे, आम्ही त्याला घरजावई म्हणतो, आणि पावसाळ्यात त्याच्या पाठीवर छत्र्या वाळत घालतो.

डॉक्टरकाकांची जबानी मी घेतलीच नाही. त्यांच्याकडून काय घ्यायची, असं मला वाटलं. फोनवर ऐकलं तेवढंच धरलं आणि कातडं पोचलं त्याच संध्याकाळी साच्यावर शाडू चढवायला घेतला: जबडा उघडा, खांदे उसळलेले, कान मागे चपटे. तीन आठवडे मी प्रेमाने एक खोटा सिंह घडवत होते. चहा निवून गेला होता. मुलगी शाळेत निघून गेली, जाताना म्हणाली की तू नाही सांगितलंस तर मी सांगेन असं नाही, पण मग माझ्यासमोर त्यांचे नियम पुन्हा सांगू नकोस. मी खिडकीशी उभी राहिले. समोरच्या इमारतीत एक बाई पडदे काढून झटकत होती. मला वाटत होतं, काय बिघडणार आहे? ऐंशी वर्षांचा माणूस, किती वर्षं उरलीत, सिंह तर मेलाच आहे. घट्ट्यांवर दुसरीकडचे केस चिकटवता येतात, माझ्या डाव्या हाताचं काम, अर्ध्या दिवसाचं. कुणाच्या बापाला कळणार नाही. मी केसांची डबी काढलीसुद्धा. रंग जुळवला. एक चिमूट चिमट्यात धरून, थेंबभर डिंकाने कोपरावर टेकवून पाहिली, आणि इतकी बेमालूम बसली की मला माझ्याच हाताची भीती वाटली.

ते बरोबर चारला आले. जिना चढून आल्याचा दम लपवायला दारातच उभे राहून घरजावयाची चौकशी केली. मग साच्यासमोर गेले, काठी टेकवून, मान तिरकी करून बघत राहिले. मला वाटलं खूश झाले. पण ते म्हणाले, छान आहे, हात अगदी बापाचा आहे, फक्त हा दुसराच कुणीतरी दिसतोय.

मी वही काढली. का काढली ते मला आजही नीट सांगता येत नाही. सांगायचं धैर्य नव्हतं आणि चिकटवायचंही उरलं नव्हतं, म्हणून असेल. वही बघून ते हरखले, लगेच स्टुलावर बसले, बसण्याची पद्धतही तीच, जुनी, दोन्ही हात काठीवर. मी पेन घेतलं.

"कान कुठे होते, काका?"

"वर." लगेच आलं उत्तर. "वर आणि पुढे."

शेपटी विचारली. सैल होती, खाली, म्हणाले. तोंड मिटलेलं. पाय? संथ चालत होता, दबा नाही, धाव नाही. ऊन डाव्या हाताला होतं. वारा विचारला तेव्हा त्यांचा हात स्वतःच्या मानेमागे गेला. वारा त्यांच्या पाठीवर होता. म्हणजे सिंहाला त्यांचा वास आधीपासून येत होता, पुरता येत होता. चाळीस वर्षं वाऱ्याच्या उलट चाललेला माणूस हे विसरला होता, किंवा त्या दिवशी त्याला कुणी आठवू दिलं नव्हतं. त्यांची नजर माझ्यावरून साच्याच्या चपट्या कानांवर गेली. मी पुढचा प्रश्न विचारला नसता तरी चाललं असतं. पण प्रश्न आठ आहेत आणि तेव्हा सहाच झाले होते.

"बघत कुठे होता?"

खाली काचवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, त्यातला शब्द न् शब्द वर ऐकू येत होता. काकांनी काठीवरचे हात उचलून स्वतःच्या समोर धरले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्या हातांकडे," ते म्हणाले.

मग त्यांनी कातडं मागितलं. मी आणून टेबलावर पसरलं, मीच त्यांचा हात धरून कोपराशी नेला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, जसे ते एकेकाळी पेशंटची पोटं दाबायचे, डोळे मिटून. अंथरुणाला खिळलेल्यांना असे पडतात, म्हणाले. दुसरं कोपर त्यांनी स्वतःच शोधलं. त्या घट्ट्यावर मी सकाळी बसवलेली केसांची चिमूट अजून तशीच होती. ती त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, आणि माझ्याकडे पाहिलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं. अकराव्या वर्षी न विचारता सुरी उचलली होती तेव्हाही इतकं झालं नव्हतं.

"सांगणार होतीस?"

"माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही."

ते रागावले नाहीत. केसांची चिमूट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली. आणि तेव्हा माझ्यासमोर ते ऐंशी वर्षांचे झाले. तोवर कधी वाटले नव्हते. मुलांचा दोष नाही, त्यांनी प्रेमाने दिलं, असं एकदा म्हणाले. कागद खोटे होते, मीही पुटपुटले. त्यावर त्यांनी मान हलवली. कागद खोटे होते पण वारा खरा होता, म्हणाले, तो माझ्या मानेला लागत होता, मला कळायला हवं होतं, आणि कळलंही असेल, पण मला तो सिंह हवा होता. अजून एकदा हवा होता. कुणाला रोगाचं नाव सांगायचं असलं की ते असंच बोलायचे, सरळ, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. फक्त या वेळी समोर ते स्वतःच होते.

"आठवा प्रश्न राहिलाय," ते म्हणाले. "शेवटचं काय केलं. लिही."

मी पेन उचललं.

"तो माझ्याकडे जेवायला आला. मी गोळी घातली."

मी लिहिलं. त्यांनी वही ओढून घेतली आणि खाली सही केली. बाबांच्या काळात सही करायची पद्धत नव्हती. मग उठून साच्याशी गेले आणि काठीच्या टोकाने शाडूच्या कानाला हलकेच शिवले. हे काढ, म्हणाले. कान वर, तोंड मिटलेलं, शेपटी सैल. कोपरं झाकायची नाहीत. आणि दिवाणखान्यात नको, अभ्यासिकेत ठेवायचा, गव्याच्या शेजारी.

सिंहाला आणखी अडीच महिने लागले. शाडू खरवडून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सोपं जनावर नव्हतं ते. रागावलेला सिंह कुणालाही जमतो, ओठ ताणले की झालं. हा ओळखीच्या माणसाकडे निघालेला सिंह मला रात्रंदिवस दिसत होता आणि हातात येत नव्हता. कानांचे मी सात प्रयत्न केले. मुलगी शाळेतून आली की स्टुलावर बसून बघायची, सुरुवातीला गप्प, मग एकदा म्हणाली की आई, डावा कान किंचित जास्त पुढे घे, आपला कुत्रा ताटलीचा आवाज आला की घ्यायचा तसा. घेतला, आणि सिंह चालायला लागला. तिने त्यानंतर मला शिंपीण म्हटलेलं नाही, पण शिकारीबद्दलचं तिचं मत बदललंय असं कुणी समजू नये. वहीत मी नववा प्रश्न घातला, त्याला माणसाची सवय होती का, आणि तो वाचून दोघे जण स्टुलावरून उठून गेले. घरजावयाला शेजारी मिळतील की काय अशी मला काळजी लागली होती, पण त्यांनी आपली जनावरंही परत नेली.

सिंह पोचवायला मी स्वतः गेले. दोन्ही मुलगे आले होते, थोरला फार अवघडलेला होता, सारखा म्हणत होता की बाबा, हे लोकांना सांगायची काय गरज आहे. डॉक्टरकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की ज्याने विचारलं त्याला सांगायचं, ज्याने नाही विचारलं त्याला चहा द्यायचा. पितळी पट्टीवर त्यांनी अंतर, वजन, तारीख काहीच घातलं नव्हतं. जबानीतली ती दोन वाक्यंच कोरून घेतली होती, खाली स्वतःचं नाव. हमालांनी सिंह खुर्चीसमोर ठेवला. कान वर, मान जराशी पुढे, नजर खाली, माणसाचे हात जिथे असतात तिथे. सगळे बाहेर गेले, मी ब्रश पिशवीत टाकायला मागे राहिले. काका खुर्चीत बसले. काठी त्यांनी भिंतीला टेकवली, आणि मी खोलीत आहे हे विसरून, दोन्ही हात उघडून, तळवे वर करून, त्याच्यासमोर धरले. म्हणाले, काही नाही रे आणलं.

मी ब्रश तिथेच ठेवून बाहेर आले.